जादूगाराची कबुली

आमच्या मराठी टीकाकारांनी नाटकाचा, संगीताचा, तमाशाचा आणि पुढे चित्रपटाचाही पुष्कळ विचार केला आहे; परंतु तिकीट लावून रंगमंचावर होणाऱ्या जादूच्या प्रयोगाकडे कला म्हणून पाहिलेले क्वचितच आढळते. मुलांच्या सुटीतील करमणूक एवढीच तिची गणना. वास्तविक या कलेशी आपल्या वाङ्मयाचा परिचय फार जुना आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी यांतील भेद दृष्टान्तादाखल घेतला आहे. ज्या कलेने तत्त्वज्ञानाला दृष्टान्त पुरविला, तिची परीक्षा टीकाकारांनी टाळावी हे योग्य नव्हे.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते धाराशिव जिल्ह्यातील भूम येथे पाहिलेल्या एका प्रयोगाचे. जादूगार फिरतीवरचा होता. त्याचे नाव आम्ही देत नाही. कारण ज्या सवयीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे ती त्या एकट्याची नाही. मंडप साधा, पडदा विटलेला, पण हात मोठे तयार. रुमालांचे रंग बदलले, पत्ते हवेत नाहीसे झाले, पेटीतली मुलगी पेटीत राहिली नाही. या सर्वांत आम्हांस अधिक आवडला तो पाण्याच्या कळशीचा खेळ. प्रयोगाच्या आरंभी जादूगाराने कळशी उपडी करून रिकामी केली. दोन खेळ झाल्यावर ती पुन्हा उपडी केली, तो पुन्हा पाणी! असे पाच-सहा वेळा झाले. हा खेळ जगभर 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध आहे; परंतु बालाघाटाच्या माथ्यावरील या अवर्षणग्रस्त तालुक्यात त्याला जो रंग चढला तो अन्यत्र चढणे कठीण. पाचव्या वेळी मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "म्हाराज, ही कळशी हितंच ठिवून जावा!" सारा मंडप हसला; जादूगारही हसला.

यानंतर मात्र प्रयोगाचा सूर बदलला. जादूगाराने हिमालयातील गुरूची आणि बारा वर्षांच्या साधनेची कथा सांगितली, रिकामी मूठ वळली आणि तीतून राख गाळून दाखविली. टाळ्या कमी पडल्या. काहींनी हात जोडले. प्रयोग संपल्यावर एक बाई तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन पडद्यामागे आली व अंगारा मागू लागली. जादूगाराने चिमूटभर राख दिली. पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "त्यांचं समाधान झालं, माझं काय गेलं?"

काय गेले, हाच या लेखाचा विषय आहे. मुलाचा ताप अंगाऱ्यावर सोपविला तर दवाखान्याचा एक दिवस गेला, हे उघड आहे. परंतु त्याबरोबर जादूगाराची कलाही गेली, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते सिद्ध करण्यासाठी 'रत्नावली'कडे वळावे लागेल.

श्रीहर्षाच्या या नाटिकेच्या चौथ्या अंकात उज्जयिनीहून आलेला ऐंद्रजालिक वत्सराज उदयनास आकाशात ब्रह्मदेव, विष्णू, शंकर, इंद्र यांचे दर्शन घडवितो. राजा विस्मित होतो, पण प्रशंसाच करतो. कारण हा खेळ आहे हे त्याला ठाऊक आहे. पुढे अंतःपुरास आग लागते. ती मायेची आहे हे न कळल्यामुळे तोच राजा सागरिकेला वाचविण्यासाठी ज्वाळांत उडी घेतो. आग नाहीशी झाल्यावर विदूषक आठवण देतो, की जाताना तो ऐंद्रजालिक 'आणखी एक खेळ पाहावयाचा आहे' असे सांगून गेला होता. हात तेच, विद्या तीच. परंतु पहिल्या प्रसंगी प्रेक्षक आणि जादूगार यांच्यामध्ये एक करार होता, दुसऱ्या प्रसंगी तो राजाच्या ध्यानी राहिला नाही. नाटककाराने तो शेवटी आठवून दिला, म्हणून आपण हसतो. आठवण देणारा विदूषक नसता तर?

त्याचे उत्तर 1956 साली लंडनमध्ये मिळाले. त्या वर्षी 9 एप्रिल रोजी बी.बी.सी.च्या 'पॅनोरामा' या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात पी. सी. सरकार यांनी एका तरुणीस यांत्रिक करवतीने कापण्याचा खेळ केला. करवत थांबली, सरकारांनी तिचा हात चोळला, तिला हाक मारली, उत्तर आले नाही. त्यांनी तिच्या मुखावर वस्त्र घातले आणि निवेदक रिचर्ड डिंबलबी यांनी कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. वेळ संपली होती की सरकारांनी ती साधली होती, हा वाद रंजक असला तरी आम्हांस येथे गौण आहे. मुलगी मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी बी.बी.सी.च्या तारा अडून गेल्या, आणि ती सुखरूप असल्याचे सांगावे लागले. जाहिरात म्हणून हा प्रकार अपूर्व ठरला. कला म्हणून पाहता मात्र तो अपुरा होता. कारण मुलगी उठून उभी राहते तो क्षण हाच त्या खेळाचा प्राण, आणि तोच प्रेक्षकांना मिळाला नाही. जे मिळाले ते भय होते, विस्मय नव्हे.

यावर जादूगार म्हणतील, "ही हातचलाखी आहे, असे आम्हीच सांगू लागलो तर रस काय राहिला?" हा आक्षेप वाजवी दिसतो, पण टिकत नाही. रंगभूमीवरील राजा राजा नाही हे ठाऊक असूनही प्रेक्षक रडतो; ज्ञानाने रसभंग होत नाही. शिवाय खेळ कसा केला ते सांगणे आणि तो केलेला आहे एवढे मान्य करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट जादूगाराने जन्मभर पोटात ठेवावी. तो त्याचा व्यवसाय आहे. दुसरी लपविली की तो जादूगार उरत नाही, बुवा होतो.

महाराष्ट्राला हा भेद फार महाग पडून कळला आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जिभेवर कापूर जाळून आणि पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून 'मंत्राग्नी' पेटवून दाखवीत आले आहेत. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबरात कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. तिकीट लावणारा जादूगारही पैसेच मिळवितो. मग तो सुटतो कशाने? तो आपल्या खेळाला चमत्कार म्हणत नाही, यानेच. कार्यकर्ता खेळ दाखवून लगेच तो उकलतो. त्यात ज्ञान मिळते, पण विस्मय विरतो. बुवा विस्मय देतो आणि बुद्धी काढून घेतो. विस्मय राखून बुद्धीही जागी ठेवण्याचे कठीण काम एकट्या जादूगाराच्या वाट्यास आले आहे, आणि त्याच्या कलेची थोरवी आम्ही यातच मानतो.

मराठी जादूगारांत अग्रगण्य असलेले रघुवीर भोपळे, म्हणजे सर्वांचे जादूगार रघुवीर, यांनी पुण्यात जी संस्था काढली तिचे नाव 'जादूची शाळा' ठेवले. या नावात आम्हांस सारा सिद्धान्त दिसतो. सिद्धीला गुरुकृपा लागते. शाळेत जे शिकविले जाते ते अभ्यासाने कोणासही येते. देशोदेशी प्रयोग करणाऱ्या या कलावंतास हिमालयातील गुरूची कथा रचणे अवघड नव्हते. त्यांनी शाळेची पाटी लाविली; आणि त्यांच्या घराण्यातील पुढील पिढ्यांनी ती कला रंगमंचावर चालू ठेविली.

भूमच्या त्या जादूगारास आमचे सांगणे एवढेच, की त्याने आपल्याच दोन खेळांची तुलना करावी. कळशीतील पाण्याने तालुक्याची तहान भागणार नाही हे मंडपातील शेंबड्या पोरालाही कळत होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, म्हाताऱ्याची ती आरोळी उठली आणि क्षणभर सर्वांनी मिळून दुष्काळाला हसून घेतले. राखेच्या खेळात कोणी हसले नाही. एक आई तेवढी चिमूटभर राख पदराच्या टोकाला बांधून अंधारात निघून गेली. तिला 'बाई, ही राख माझ्या खेळातली आहे, पोराला दवाखान्यात न्या' असे सांगण्यास त्याला अर्धे मिनिट लागले असते, आणि त्या रात्रीच्या प्रयोगात तेवढेच उणे राहिले.