काला अंब : छायाचित्राची साक्ष आणि छायाचित्रकाराची प्रतिभा

छायाचित्रण ही कला आहे की कसब, हा वाद आता जुना झाला आहे. परंतु त्याच्या पोटातला एक प्रश्न प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुन्हा डोके वर काढतो. यंत्र जसजसे समर्थ होत जाते तसतसे छायाचित्रकाराच्या प्रतिभेचे क्षेत्र विस्तारते की आक्रसते? या प्रश्नाची केवळ तात्त्विक चर्चा केली तर ती बहुधा शब्दांच्या खेळात विरून जाते. म्हणून प्रस्तुत लेखात एक विशिष्ट स्थळ डोळ्यांसमोर ठेवून तिचा विचार करावयाचा आहे. ते स्थळ म्हणजे दिल्लीच्या उत्तरेस, पानिपत शहराजवळ असलेले काला अंब.

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अब्दाली यांच्या सैन्यांचा निर्णायक संग्राम या परिसरात झाला. येथे एक आम्रवृक्ष होता, रणात सांडलेल्या रक्ताने तो काळवंडला आणि त्यावरून या जागेस हे नाव पडले, असे परंपरा सांगते. तो वृक्ष आज नाही. कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ आहे, आणि भोवताली राखलेली बाग. दरवर्षी १४ जानेवारीस महाराष्ट्रातून व हरयाणातून माणसे येथे जमतात. पण ज्याच्या ओढीने ती येतात ते दृष्टीस पडत नाही. कॅमेरा घेऊन आलेल्यापुढे तर ही जागा एक चमत्कारिक पेच टाकते : ज्या घटनेमुळे हे स्थळ चित्रणीय ठरले, तिच्यातले काहीच चित्रणासाठी शिल्लक नाही.

इतर कलांना हा पेच जाणवत नाही. १७७०च्या सुमारास फैजाबाद शैलीतील चित्रकाराने हा सारा रणसंग्राम एका चित्रफलकावर मांडला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी कागदपत्रांच्या आधारे त्या मोहिमेची संगती लावली, तर विश्वास पाटलांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पानिपत’ कादंबरीत त्या माणसांच्या मनांत प्रवेश केला. रेषा आणि शब्द ही अशी माध्यमे आहेत की, त्यांना घटनेच्या प्रत्यक्ष सान्निध्याची गरज भासत नाही. मर्ढेकरांनी कलेचा विचार तिच्या माध्यमाच्या अंगाने करण्याचा आग्रह धरला होता. तो आग्रह येथे उपयोगी पडतो. छायाचित्राचे माध्यम प्रकाश आहे. आणि तोही कोणत्या तरी प्रत्यक्ष वस्तूवरून परतून भिंगात शिरलेला प्रकाश. वस्तू समोर असली पाहिजे, आणि छायाचित्रकारही तेथे असला पाहिजे. दागेरची पद्धती १८३९ मध्ये जाहीर झाली, म्हणजे पानिपतानंतर ७८ वर्षांनी. तेवढ्या अंतराने हे रण छायाचित्राच्या हातून कायमचे निसटले आहे.

माध्यमाचे हे बंधन सोसण्यात छायाचित्रकाराची निर्मितिशीलता आहे की ते चुकविण्यात, हा खरा वादविषय होय. तंत्राचा इतिहास पाहू लागलो की, हा मोह किती जुना आहे हे ध्यानात येते. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन ते लगेच धुवावे लागे. धावते घोडे आणि पडते सैनिक तिच्या आवाक्यात येत नसत. त्यामुळे युद्धाचा छायाचित्रकार युद्ध संपल्यावरच कामास लागे. रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रायमियात एकाच दरीची दोन चित्रे घेतली. एकात तोफगोळे रस्त्यावर विखुरले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे; ते गोळे कोणी हलविले, यावर आजही अभ्यासक वाद घालतात. फेलीचे बीटो लखनौस पोहोचला १८५८ मध्ये. सिकंदर बागेतील संहार त्यापूर्वीच, नोव्हेंबर १८५७ मध्ये, होऊन गेला होता. त्याच्या प्रसिद्ध चित्रात अंगणभर मानवी अस्थी पसरलेल्या दिसतात; त्या चित्रासाठी मुद्दाम मांडल्या गेल्या असे सामान्यतः मानले जाते. तंत्र घटनेपर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून घटनाच पुन्हा रचण्यात आली. या रचनेत कौशल्य आहे यात शंका नाही. तथापि मृतांच्या अस्थींना नेपथ्याचे साहित्य बनविणाऱ्या या कौशल्यास निर्मिती म्हणताना मन कचरते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच एका छायाचित्रकाराचे आहे. मुंबईचे नारायण विनायक विरकर १९१९ मध्ये, हत्याकांड होऊन गेल्यानंतर, अमृतसरच्या जालियनवाला बागेत गेले. १३ एप्रिलची ती सायंकाळ त्यांनाही मिळाली नव्हती. समोर होत्या त्या गोळ्यांच्या खुणा अंगावर वागविणाऱ्या भिंती आणि जवळ उभी असलेली माणसे. विरकरांनी तेवढेच टिपले. त्यांनी आपल्या कलेविषयी शास्त्र मांडले नाही. त्यांचे मत त्यांच्या चित्रातच वाचावे लागते. ते मत असे दिसते की, घटना हुकली असेल तर ती हुकली आहे हेही चित्रातून कळले पाहिजे. भिंतीवरील भोक आणि शेजारचा जिवंत माणूस यांच्यामधल्या रिकाम्या जागेत पाहणाऱ्याची कल्पना आपोआप शिरते, आणि ती जागा न भरण्याचा संयम हीच तेथील निर्मिती होय. वृत्ताचे बंधन पाळणाऱ्या कवीस जसे त्याच बंधनातून काही अनपेक्षित गवसते, तसे येथे घडले आहे.

पुढे यंत्र वेगवान झाले. छायाचित्रकार घटनेच्या क्षणी हजर राहू लागला. या पर्वाचे आपल्याकडील लक्षणीय नाव म्हणजे होमाई व्यारावाला (१९१३-२०१२). नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेल्या व्यारावालाबाई १९४२ पासून दिल्लीत काम करीत होत्या. फाळणीच्या योजनेस हात उंचावून संमती देणारे काँग्रेसचे नेते त्यांनी टिपले आहेत. त्या वापरीत असलेल्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रानंतर फिल्म बदलावी लागे आणि फ्लॅशचा दिवाही नवा बसवावा लागे. दुसरी संधी बहुधा मिळतच नसे. म्हणून कळ दाबण्यापूर्वीच निवड पुरी झालेली असे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेस त्या निघाल्या होत्या. पतीने परत बोलावल्यामुळे जाणे राहिले. ही चुटपुट त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखविली. क्षण पकडणारे यंत्र हातात असूनही तो क्षण निसटू शकतो. कारण यंत्राला वेग देता येतो, पण माणसाची उपस्थिती त्यात भरता येत नाही.

पतीच्या निधनानंतर १९७० मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांत सभ्यतेची चाड उरली नाही, असे कारण त्या देत. या उद्गारात उतारवयातील कुरकुर ऐकणे सोपे आहे. परंतु त्याचा अर्थ अधिक खोल आहे. छायाचित्रकाराचे वर्तन हा त्यांच्या दृष्टीने कलेच्या बाहेरचा विषय नव्हता. कोणाच्या किती जवळ जावे आणि कोठे थांबावे, हा निर्णय चित्राच्या चौकटीइतकाच कलात्मक असतो. हलके कॅमेरे आणि मुबलक फिल्म आल्यावर या निर्णयाची सक्ती संपली, गरज संपली नाही.

आज तर समोर वस्तू असण्याचीही सक्ती उरलेली नाही. चार वाक्ये लिहून दिली की संगणकाची कृत्रिम बुद्धी काळ्या पानांचा आम्रवृक्ष उभा करील, त्याच्याखाली घोड्यावर भाऊसाहेब दाखवील, आणि त्यावर जुन्या छायाचित्राचा पिवळटपणाही चढवील. जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डॅगसेन यांनी २०२३ मध्ये सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत अशीच एक प्रतिमा पाठविली. ती एका विभागात सरस ठरली आणि त्यांनी पारितोषिक नाकारले. अशा प्रतिमा आणि छायाचित्रे या भिन्न गोष्टी आहेत, त्यांची एकमेकींशी स्पर्धा लावू नये, असे त्यांचे म्हणणे. नव्या तंत्राचा द्वेष त्यांच्या भूमिकेत नाही. ते स्वतः ते तंत्र हाताळतात. त्यांचा आग्रह नावाचा आहे.

मराठी वाचकास नावाच्या या आग्रहाचे मोल वेगळे समजावून सांगावयास नको. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, अनेकांनी त्यास खरा मानले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. त्या काळी छायाचित्र नव्हते म्हणून तोतया फावला, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. पण त्याहून मोठे कारण हे की, भाऊसाहेब परत यावेत अशी लोकांची इच्छा होती. तोतयाला बळ देते ती पाहणाऱ्याची ओढ. काला अंबच्या रिकाम्या जागेत आपल्याला जे पाहावेसे वाटते, नेमके तेच ही प्रतिमा पुढे करते. आणि म्हणूनच ती अधिक जपून पाहावी लागते.

यावर असा आक्षेप येईल की, छायाचित्रही निवडलेले, कातरलेले, धुताना गडद केलेले असते; बीटोने तर संगणकावाचून रचना केली. आक्षेप योग्य आहे. फरक यंत्राच्या जुनेनवेपणात नाही, हेच त्यातून सिद्ध होते. चित्रकाराला आणि कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य आपण देतो ते संगणकावर प्रतिमा घडविणाऱ्यालाही द्यावे. त्याने चित्रकारांच्या पंक्तीस बसावे, आणि तेथे त्याची कल्पकता जोखली जावी. साक्षीदाराचे आसन मात्र जो तेथे होता त्याचे आहे. इतिहासग्रंथांचे प्रकाशक, नियतकालिकांचे संपादक आणि आपण समीक्षक यांनी एवढी शिस्त तरी पाळावी, की प्रत्येक प्रतिमेखालच्या ओळीत ती टिपलेली आहे की घडविलेली, हे स्पष्ट लिहिले जाईल.

काला अंबचे उत्तम छायाचित्र कसे असेल, हे आधी सांगता येणार नाही. त्यात कदाचित विटांचा स्तंभ आणि हिवाळ्यातील धुके असेल. कदाचित संक्रांतीच्या दिवसांत दूरवरून आलेली, नेमके कोठे पाहावे हे न समजून उभी राहिलेली माणसे असतील. ते मोबाइलवर घेतले की फिल्मवर, याने त्याचे मोल ठरणार नाही. वृक्ष तेथे नाही, ही गोष्ट त्या छायाचित्रकाराने लपविली की आपल्याला पाहावयास लावली, यावर ते ठरेल.