विडंबनाच्या खुणा : ‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’विषयीचे प्रेक्षकांचे मतभेद

एखादी कलाकृती चांगली की वाईट ह्याविषयी रसिकांत मतभेद होणे ही नित्याची गोष्ट आहे, व अशा मतभेदांची मीमांसा करण्यास अभिरुचीची चर्चा पुरेशी होते. परंतु काही प्रसंगी मतभेद गुणदोषांविषयी नसून कलाकृती कोणत्या प्रकारची उक्ती आहे ह्याविषयीच असतो. एकाला जी सरळ उक्ती वाटते तीच दुसऱ्याला वक्रोक्ती वाटते; एक ज्या दृश्याने संतापतो त्याच दृश्याला दुसरा हसतो, आणि दोघेही आपल्याला दिसले ते पडद्यावरच होते असे सांगतात. अशा ठिकाणी प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. उक्तीचा अर्थ ऐकणारा कसा ठरवितो हा भाषाशास्त्राचा जुना प्रश्न तेथे नव्या रूपात उभा राहतो. अल्प खर्चात तयार झालेल्या व आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या ‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’ ह्या अमेरिकन भयपटाविषयी १९८२ पासून आजवर प्रेक्षकांनी जी मते बाळगली आहेत ती ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातील एका शाळेतील ट्रिश नावाची मुलगी आईवडील परगावी गेले असता खेळाच्या संघातील मैत्रिणींना रात्री आपल्या घरी राहावयास बोलाविते. मैत्रिणींनी अशी रात्र एकत्र घालविण्याच्या रीतीला तेथे ‘स्लंबर पार्टी’ म्हणतात. त्याच सुमारास रस थॉर्न नावाचा खुनी कैदेतून निसटतो आणि लांब पात्याच्या विजेच्या ड्रिलने एकामागून एक बळी घेऊ लागतो. शेजारच्या घरातील व्हॅलरी व तिची धाकटी बहीण कोर्टनी ह्या अखेरच्या झटापटीत सामील होतात, आणि ट्रिशसह ह्या दोघी तेवढ्या वाचतात. चित्रपट ७७ मिनिटांचा आहे व त्याचा खर्च २,५०,००० डॉलरांच्या आसपास होता.

ही कथा ज्या परंपरेतली आहे तिला ‘स्लॅशर’ असे नाव आहे. एकटा, बहुधा अबोल खुनी, धारदार हत्यार, तरुण बळी आणि शेवटी उरणारी एक मुलगी हा तिचा साचा १९७८ च्या ‘हॅलोवीन’ने रूढ केला व १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने तो बाजारात पक्का केला. १९८० मध्येच जीन सिस्केल व रॉजर ईबर्ट ह्या दोघा समीक्षकांनी आपल्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग ह्या चित्रपटांच्या निषेधाला वाहिला. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवला जातो आणि त्यामुळे प्रेक्षक बळीच्या बाजूला न राहता मारणाऱ्याच्या बाजूला ओढला जातो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. अशा वातावरणात एका स्त्रीने लिहिलेला व दुसऱ्या स्त्रीने दिग्दर्शित केलेला स्लॅशर प्रदर्शित झाला, ही गोष्ट पुढील सर्व वादाचे मूळ आहे.

पटकथा रीटा मे ब्राऊन ह्यांची. १९७३ च्या ‘रूबीफ्रूट जंगल’ ह्या कादंबरीमुळे व स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील कार्यामुळे त्या आधीच ख्यातनाम होत्या. त्यांनी ही पटकथा स्लॅशर चित्रपटांचे विडंबन म्हणून लिहिली होती. ती रॉजर कॉर्मन ह्यांच्या कंपनीकडे पडून असता एमी होल्डन जोन्स ह्यांच्या हाती आली. जोन्स तोवर संकलक म्हणून काम करीत होत्या. स्टीव्हन स्पिलबर्ग ह्यांच्या ‘ई. टी.’चे संकलन करण्याची संधी सोडून त्यांनी हे दिग्दर्शन पत्करले. त्यांनी पटकथेत फेरफार केले आणि चित्रपट विडंबन म्हणून न घेता प्रेक्षकाला खरोखर भीती वाटावी अशा रीतीने घेतला. लिहिणारीचा हेतू एक व घडविणारीचा हेतू दुसरा, असा हा योग आहे.

प्रेक्षकांच्या मतांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाच्या मते हा चित्रपट इतर स्लॅशरांहून मुळीच वेगळा नाही. स्त्रीदेहाचे तेच प्रदर्शन, तेच खून, आणि विडंबनाची गोष्ट ही मागाहून चढविलेली झूल आहे. दुसऱ्या वर्गाच्या मते चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत उपहासात्मक असून ज्यांना तो तसा वाटत नाही त्यांना तो कळलाच नाही. तिसऱ्या वर्गाला ह्या वादात रस नाही. थोडक्या वेळात भरपूर थरार मिळाला, अभिनय कच्चा असला तरी करमणूक झाली, एवढ्यावर तो संतुष्ट असतो. ह्यांपैकी दुसऱ्या वर्गाचे म्हणणे अलीकडे विशेष प्रतिष्ठा पावले आहे, आणि म्हणूनच ते अधिक काळजीने पारखावयास हवे. ‘तुम्हांला कळले नाही’ हे उत्तर देणे सोपे असते. परंतु न कळण्याचा दोष ऐकणाऱ्याचा की बोलणाऱ्याचा, हे त्या उत्तराने ठरत नाही.

मम्मटाने काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासात अर्थमूलक व्यंजनेची कारणे सांगताना बोलणारा, ऐकणारा, आवाजाचा विशिष्ट ढंग म्हणजे काकू, प्रसंग, देश, काल इत्यादींची गणना केली आहे. नित्याच्या व्यवहारातील एक वाक्य घ्यावे : ‘मोठे उपकार केलेत!’ संकटात धावून आलेल्या शेजाऱ्याला उद्देशून हे वाक्य कृतज्ञतेचे होते. ऐनवेळी पाठ फिरविणाऱ्या नातलगाला उद्देशून तेच वाक्य टोमण्याचे होते. शब्द तेच, व्याकरण तेच. अर्थाचा निवाडा वक्ता, प्रसंग व काकू ह्यांवर होतो. व्याजस्तुती ह्या अलंकाराचा सारा डोलारा ह्याच तत्त्वावर उभा आहे. आता चित्रपटात पटकथा ही शब्दांच्या ठिकाणी मानली तर दिग्दर्शन, म्हणजे कॅमेऱ्याची जागा, दृश्याची लांबी, संगीत व अभिनयाची रीत, ही काकूच्या ठिकाणी येतात. ‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’मध्ये टोमण्यासाठी रचलेले वाक्य बरेचदा गंभीर स्वरात उच्चारले गेले आहे. ज्या प्रेक्षकाने स्वर ऐकला त्याला ती सरळ उक्ती वाटली, ज्याने शब्दांची जुळणी पाहिली त्याला ती वक्रोक्ती वाटली. दोघांपैकी कोणालाही बहिरा म्हणता येणार नाही.

तथापि एवढ्यावर थांबल्यास सर्व मते सारखीच खरी असे मानावे लागेल, आणि मग समीक्षेला काही कर्तव्यच उरणार नाही. मतांची पारख करावयाची तर विडंबनाचे स्वरूप थोडे अधिक नेमके सांगितले पाहिजे. विडंबन हे एका प्रकारे अवतरण असते. विडंबनकार दुसऱ्याची उक्ती आपल्या तोंडाने बोलतो, पण ती आपली नव्हे हे कोणत्या ना कोणत्या खुणेने जाणवून देतो. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ह्या संग्रहात ही खूण सहज सापडते, कारण मूळ कवींची लकब वाचकाच्या कानात आधीच असते आणि विषयाची क्षुद्रता त्या लकबीशी उघड विसंगत असते. जेथे अशी खूण नाही तेथे वाचक ती उक्ती बोलणाऱ्याचीच समजणार, व तसे समजण्याचा त्याला अधिकार आहे. तेव्हा प्रस्तुत चित्रपटाविषयी विचारावयाचा प्रश्न ‘हे विडंबन आहे की नाही’ असा सरसकट नाही. अवतरणचिन्हे कोठे आहेत आणि कोठे नाहीत, असा तो आहे.

दोन दृश्ये शेजारी ठेवल्यास हा भेद स्पष्ट होईल. पहिले दृश्य शाळेतील स्नानगृहाचे. खेळ संपवून मुली आंघोळ करीत आहेत आणि कॅमेरा त्यांच्या देहांवरून सावकाश फिरतो. तेथे कथेतील कोणीही पुरुष डोकावत नाही. पाहणारी नजर कोणा पात्राची नसून चित्रपटाची स्वतःची आहे. दुसरे दृश्य ट्रिशच्या घरातील. मुली कपडे बदलीत असता वर्गातील दोन मुलगे खिडकीतून चोरून पाहतात. तेथे नजर त्या मुलांची आहे. त्यांचा आचरटपणा प्रेक्षकाला दिसतो, आणि पुढे तेही खुन्याच्या हाती सापडतात. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर दुसरे दृश्य ‘तो म्हणाला की’ ह्या चौकटीत बसविलेले आहे, पहिले विनाचौकटीचे विधान आहे. स्नानगृहाच्या दृश्याने विटलेल्या प्रेक्षकाला ‘तुम्हांला उपहास कळला नाही’ असे सांगणे म्हणून अन्यायाचे आहे. त्या ठिकाणी उपहासाची खूण नाही. कॉर्मन ह्यांच्या कंपनीच्या अशा चित्रपटांत नग्नता ही ठरलेली बाब होती, आणि येथे ती त्या ठरावाबरहुकूम आली आहे.

उलट पक्षी काही ठिकाणी खुणा इतक्या ठळक आहेत की पहिल्या वर्गाचा सरसकट नकारही टिकत नाही. शिक्षिकेच्या दारातून अकस्मात ड्रिलचे पाते बाहेर येते; प्रेक्षक दचकतो; पण दारापलीकडे एक सुतारकाम करणारी स्त्री बाहेरचा माणूस दिसण्यासाठी भोक पाडीत असते. खुन्याचे हत्यार येथे एका कष्टकरी स्त्रीच्या हातातील साधे अवजार होऊन येते. टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारी तंत्रज्ञही स्त्रीच आहे. ह्या भूमिकांवर कोणी भाष्य करीत नाही, परंतु त्या काळच्या स्लॅशरात त्या सहसा स्त्रियांना दिल्या जात नसत. पिझ्झा घेऊन आलेला माणूस दारातच मरून पडतो आणि घाबरलेल्या मुलींपैकी एक त्याच्या प्रेताशेजारी बसून तोच पिझ्झा खाते. शीतकपाटात प्रेत कोंबलेले असते, दार उघडले जाते, आणि उघडणारीचे लक्ष नेमके दुसरीकडे असते. ह्या जागा समजण्यास लेखिकेचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. साच्याची ओळख असली म्हणजे पुरते.

सर्वांत महत्त्वाची खूण शेवटी येते. खुनी बहुतांश चित्रपटभर अबोल आहे. अखेरीस तो जेव्हा बोलतो तेव्हा धमकी देत नाही. प्रेमाची भाषा बोलतो, आणि बळीला हे सारे हवेच आहे असे तिला सुनावतो. प्रेम, सौंदर्य, इच्छा हे शब्द येथे त्यांच्या रूढ अर्थापासून पूर्णपणे तुटले आहेत, आणि बळजबरी करणारा पुरुष नेहमी जी वाक्ये बोलतो ती जशीच्या तशी ड्रिल हाती धरलेल्या माणसाच्या तोंडी घातली आहेत. हे निःसंशय अवतरण आहे. त्यानंतर व्हॅलरी मोठ्या सुऱ्याने प्रथम त्याच्या ड्रिलचे पाते तोडते व मग त्याचा हात. पात्याचा अर्थ सांगण्यास कोणा मानसशास्त्रज्ञाची गरज पडू नये इतके ते उघड आहे. कॅरल क्लोव्हर ह्या मुळात प्राचीन स्कँडिनेव्हियन वाङ्मयाच्या अभ्यासक; त्यांनी १९८७ च्या निबंधात व १९९२ च्या ग्रंथात असे दाखविले की स्लॅशरचा प्रेक्षक खुन्याच्या नजरेने आरंभ करीत असला तरी शेवटी तो उरलेल्या मुलीच्या बाजूला जातो. प्रस्तुत चित्रपटात ती उरलेली मुलगी एक नाही, तीन आहेत. झटापटीत शिक्षिकेचाही वाटा आहे व त्यात तिचा बळी जातो. शेवटी जल्लोष नाही, हुंदके आहेत. जे प्रेक्षक केवळ करमणुकीच्या हिशेबाने चित्रपट पाहतात त्यांनाही हा शेवट वेगळा वाटतो, ह्यावरून तो केवळ अभ्यासकांच्या कल्पनेतील नव्हे असे म्हणावयास हरकत नाही.

येथे काळाचा मुद्दाही विसरून चालणार नाही. १९८२ च्या सामान्य प्रेक्षकाने जाहिरातीतील चित्र पाहून तिकीट काढले. त्या चित्रात ड्रिल घेतलेल्या पुरुषाच्या दोन पायांमधून भेदरलेल्या मुली दिसतात. म्हणजे वक्त्याची ओळख त्याला विक्रेत्याने करून दिली होती. आजचा प्रेक्षक बहुधा लेखिका व दिग्दर्शिका ह्यांची नावे व त्यांची हकीकत वाचून मग चित्रपट पाहतो. पहिल्याला वक्ता चुकीचा सांगितला गेला असेल. दुसऱ्याला तो इतका आधी सांगितला जातो की स्नानगृहाच्या दृश्यातही तो न लिहिलेली अवतरणचिन्हे वाचू लागतो. उक्ती ऐकण्यापूर्वीच तिचा अर्थ ठरविणे हा दोष दोघांच्याही वाचनात आहे. आजच्या वाचनात तो सहानुभूतीचा आहे, इतकाच फरक.

पुढील इतिहास ह्या विवेचनाला पूरक आहे. १९८७ चा दुसरा भाग डेबोरा ब्रॉक ह्यांनी व १९९० चा तिसरा सॅली मॅटिसन ह्यांनी दिग्दर्शित केला. दुसऱ्या भागातील खुनी ड्रिल जोडलेली गिटार वाजवीत नाचतो, तेव्हा तेथे सरळ उक्तीचा भास होण्याचे कारणच उरत नाही. २०२१ मध्ये डॅनिश्का एस्टरहेझी ह्यांनी केलेल्या नव्या आवृत्तीत स्नानाचे दृश्य पुरुषाच्या वाट्याला येते आणि उशांची मारामारी मुलगे करतात. तेथे प्रत्येक वाक्याला अवतरणचिन्ह आहे व हेतूविषयी वाद संभवत नाही. परंतु वाद संपला तसा धाकही ओसरला. मूळ चित्रपटातील खुन्याचे प्रेमाचे शब्द अंगावर येतात ते भोवतालचा स्वर खरोखर भीतीचा आहे म्हणूनच; अखंड उपहासात ते विरून गेले असते.

तात्पर्य, ह्या चित्रपटाविषयीचा मतभेद हा प्रेक्षकांच्या आकलनातील उणिवेचा पुरावा नव्हे. दोन वक्त्यांची उक्ती एकाच पडद्यावर उमटल्याचा तो परिणाम आहे. एखाद्या मताचे वजन त्या मताने चित्रपटातील कोणत्या जागेकडे बोट दाखविले ह्यावर ठरावे. कोणाचे नाव पुढे केले ह्यावर ठरू नये. ह्या कसोटीने पाहता संतापलेला प्रेक्षक स्नानगृहात बरोबर आहे, हसणारा दारातील ड्रिलपाशी बरोबर आहे, आणि शेवटच्या हुंदक्यांपाशी दोघांनाही आपले मत थोडे बाजूला ठेवून पुन्हा पाहावे लागते.