नटसम्राटांनी मृत्युपत्र केले असते तर...

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'वर (१९७०) बोलणे निघाले की श्रोते एका वाक्यात निकाल देतात : मुले कृतघ्न निघाली. मीही वर्गात बरीच वर्षे असेच शिकवले. आज मला ते अपुरे वाटते. गणपतराव बेलवलकर जिवंतपणीच मिळकत वाटून मोकळे होतात. शेक्सपिअरच्या लिअर राजानेही तेच केले होते. दिलेले परत मागता येत नाही, आणि नाटकातली सारी करुणा यावरच उभी आहे. मृत्युपत्राचे तसे नाही. शुद्धीवर असलेला माणूस ते अखेरपर्यंत बदलू शकतो. गणपतरावांनी मृत्युपत्र केले असते तर मुले त्यांच्याशी कशी वागली असती? फार गोड वागली असती! आणि त्या गोडव्याचे एक वेगळे, अधिक अवघड नाटक झाले असते.

ते नाटक मला सापडले कायद्याच्या पुस्तकात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६१ खाली आठ लहान उदाहरणे आहेत. पात्रे दोनतीनच, नावेही अक्षरांचीच. सहाव्या उदाहरणातला अ प्रकृतीने इतका खचलेला आहे की ब ची भुणभुण त्याला सोसवत नाही. केवळ सुटका व्हावी म्हणून तो ब म्हणेल तसे मृत्युपत्र करतो. ते रद्द. आठव्यात मृत्युपत्र करणाऱ्याची कोणी सेवा करतो, स्तुती करतो, डोळा वाट्यावर. म्हातारा भाळतो आणि त्याला देऊन टाकतो. हे मात्र वैध! पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चक्रावलो. पण लिहिणाऱ्याला माणूस कळला होता. लोभाने केलेली सेवाही सेवाच, आणि भाळण्याचा हक्क म्हाताऱ्यालाही आहे.

बाळासाहेब ठाकरे यांच्या १३ डिसेंबर २०११ च्या मृत्युपत्राला त्यांचे पुत्र जयदेव यांनी मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली, तेव्हा वृत्तपत्रांनी राजकारण वाचले. वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती, उद्धव यांचा त्यांच्यावर प्रभाव होता, हे जयदेव यांचे म्हणणे. उद्धव यांनी ते नाकारले. काही वर्षे साक्षी-उलटतपासण्या चालल्या आणि २०१८ मध्ये जयदेव यांनी माघार घेतली. आरोप सिद्ध झाला नाही. होणे सोपेही नसते, कारण दबाव होता म्हणणाऱ्यालाच तो दाखवावा लागतो. उलट, ज्याने मृत्युपत्र करवण्यात पुढाकार घेतला आणि लाभही ज्याचाच, त्याने संशय फेडला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटचल अय्यंगार प्रकरणात १९५८ साली सांगितले.

आमच्याकडे याला भाषेचा आणखी एक पदर आहे. घरात मृत्युपत्र, तहसिलीत वसीयतनामा. घरातला दबाव कोर्टात 'असम्यक असर' होतो. म्हातारी मराठीत रागावते, मराठीत विरघळते आणि अंगठा उठवते तो हिंदी मजकुराखाली.

अशा एका अंगठ्याचा मी साक्षीदार. शेजारच्या आजींनी संत्र्याचा बगीचा आधी दोन्ही मुलांना सारखा लिहून दिला होता. नंतर ज्याच्याकडे राहत होत्या त्या धाकट्याच्या नावे केला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, अंगठा लावताना पाहिला म्हणजे झाले. मीही वाचला नाही. लेखनिकाने भराभर वाचून दाखवला, आजी 'हो' म्हणाल्या. धाकटी सून पाठीला हात देऊन बसली होती. तिने त्यांचे सारे केले होते, हे गल्लीला ठाऊक आहे.

थोरल्याने दावा लावला. त्याच्या वकिलांनी मला विचारले, "गुरुजी, तुम्ही त्यांना मराठीत समजावून दिले?"

"नाही."

"मग त्या 'हो' कशाला म्हणाल्या?"

आजी चहा घेणार का विचारले तरी तसेच 'हो' म्हणत. तीस वर्षे मुलांकडून संदर्भासह स्पष्टीकरण लिहून घेतले. त्या 'हो'चे मला देता आले नाही. सहावे उदाहरण की आठवे, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. थोरल्याच्या घरून संक्रांतीचा तिळगूळ येणे मात्र तेव्हापासून बंद आहे.