रुजण्याआधीची चाहूल

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचा एक शोधनिबंध २००५ साली ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात आला. गर्भ रुजण्याआधीच्या दिवसांत बोनेट माकडिणीच्या गर्भाशयाचं अस्तर कसं दिसतं, एवढाच त्याचा विषय. धार-देवासकडच्या वाचकाच्या ओळखीचं लालतोंडं माकड ते हे नव्हे. हे दक्षिणेकडचं, डोक्यावर केसांची टोपी मिरवणारं. हिची पाळी बाईसारखीच साधारण महिन्याने येते, म्हणून हिच्या अस्तराची साक्ष आपल्याही कामाची.

निबंधाची चव घ्यायची तर आधी १९५३ सालात डोकावावं लागतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर परक्याची कातडी लावून पाहिली होती. शरीर ती झिडकारतं, आणि दुसऱ्या खेपेला अधिक त्वरेने झिडकारतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या साली त्याच नजरेने त्यांनी गर्भाकडे पाहिलं आणि विचारलं : निम्मा बापाचा असलेला हा जीव आई नऊ महिने कसा ठेवून घेते? त्यांनी तीन शक्यता मांडल्या. मध्ये भिंत असेल, गर्भाची ओळख अजून पक्की झाली नसेल, किंवा आईची प्रतिकारशक्ती सुस्तावली असेल. प्रश्न अस्सल होता. पण तिन्ही उत्तरांत आई आणि गर्भ एकमेकांसमोर उभे ठाकलेले आहेत.

परळच्या निबंधाचं सौंदर्य त्याने निवडलेल्या वेळेत आहे. माकडिणीत फलित बीज गर्भाशयात येऊनही काही दिवस मोकळंच असतं. चिकटायला सुमारे नववा दिवस उजाडतो. लेखक त्याच्या आधी थांबतात. पण बीज अजून चिकटलेलंच नाही, तर माकडीण गाभण आहे हे ओळखायचं कसं? उत्तर तिच्या रक्तद्रवात शोधलं आहे. गर्भाच्या अस्तित्वाचा विशिष्ट घटक त्यात असेल, तर चाचणीत लिम्फोसाइट या प्रतिकार करणाऱ्या पेशी आणि प्लेटलेट एरवीपेक्षा जास्त प्रमाणात एकमेकांना बिलगतात. म्हणजे आईच्या पोटात पाहुणा आल्याची पहिली वर्दी देण्याचं काम प्रतिकार करणाऱ्या पेशीकडे आलं! लेखक या योगायोगावर एकही विशेषण खर्च करत नाहीत. ती चाचणी त्यांना फक्त दोन गट पाडायला हवी आहे.

मग दोन्ही गटांची अस्तरं सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी येतात. वरचा थर, ग्रंथी, मधली ऊती, रक्तवाहिन्या : बीज असलेल्या गर्भाशयात यांची ठेवण निराळी दिसते. स्पर्श झालेला नाही, तरी घर आवरायला लागलेलं आहे. इथे वर्णन कोरडं असलं तरी युक्तिवाद भरघोस आहे, कारण मेडावरच्या तिन्ही उत्तरांना सामना गृहीत धरावा लागतो आणि इथे सामन्याआधीच बदल सुरू झालेला आहे.

उणीवही सांगायला हवी. निबंधाचा भर अस्तराच्या घडणीवर आहे. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी काय करतात, हे तो उलगडत नाही. पुढचा दुवा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, लालतोंड्या ऱ्हीसस माकडिणींवर जोडला गेला. त्यांच्या वारेच्या पेशींवर ‘मामू-एजी’ नावाचा रेणू असतो. प्रतिपिंड देऊन तो अडवला तेव्हा वारेची वाढ विस्कटली आणि गर्भाशयाचा प्रतिसादही बिघडला; हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. आईच्या पेशींपासून दडून राहण्यात गर्भाचा फायदा असता, तर वारेवरची खूण झाकल्याने त्याचं भलंच व्हायला हवं होतं.

हे दोन्ही निबंध लागोपाठ वाचले की मेडावरच्या प्रश्नाचा रोख बदलतो. आई गर्भाला कसं सहन करते, याऐवजी ती त्याला केव्हापासून ओळखते, असं विचारावंसं वाटतं. परळच्या लेखकांनी हा प्रश्न शब्दांत मांडलेला नाही. पण पाहणीचा दिवस मागे सरकवून त्यांनी तो विचारता येण्याजोगा केला, आणि प्रयोगाच्या मांडणीतली कला म्हणतात ती हीच.