मागच्या सीटवरचा माणूस

‘मिसिसिपी बर्निंग’ हा अ‍ॅलन पार्करचा चित्रपट १९८८ च्या अखेरीस आला, तेव्हा आम्ही तीन-चार मित्रकुटुंबं मिळून थिएटरात गेलो होतो. जीन हॅकमननं रंगवलेला बेरकी एफ.बी.आय. अधिकारी सगळ्यांनाच आवडला. शेवटी दुष्टांना शिक्षा झाली आणि आम्ही समाधानानं पिझ्झा खाऊन घरी आलो. यंदा तो पुन्हा पाहिला. ते समाधान काही परत मिळेना.

घटना खरी आहे. २१ जून १९६४ च्या रात्री मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तिघा तरुण कार्यकर्त्यांना कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी ठार मारलं. जाळलेल्या एका चर्चची चौकशी करायला ते गेले होते. डेप्युटी शेरीफनं त्यांना अटक केली, रात्री सोडलं आणि पाठलाग करून मारेकऱ्यांच्या हवाली केलं. ४४ दिवसांनी त्यांची प्रेतं मातीच्या बंधाऱ्यात सापडली.

चित्रपट म्हणून पकड जबरदस्त आहे. छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण पहिलाच प्रसंग नीट पाहा. चेनी हा त्याच भागातला, मेरिडियनचा कृष्णवर्णीय मुलगा. त्या दिवशी गाडी तोच चालवत होता. चित्रपटात मात्र चाक गोऱ्या मुलाच्या हाती आणि कृष्णवर्णीय मुलगा मागच्या सीटवर. पुढं दोन तास हेच चालतं. कृष्णवर्णीय माणसं मार खातात, प्रार्थना करतात, गातात. लढतात ते गोरे एफ.बी.आय.वाले. प्रत्यक्षात त्याच वर्षी एडगर हूवरची हीच एफ.बी.आय. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पाळत ठेवून होती.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. इथले खलनायक म्हणजे तंबाखू थुंकणारे, बायकोला मारणारे, अडाणी लोक. एखादा मेयर, एखादा व्यापारी दिसतो, पण तोही चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. आपण तसे नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि तो निश्चिंत होतो.

खरा विरोध असा एकाच थरातून आला नव्हता. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल मे १९५४ मध्ये लागला. दोनच महिन्यांत मिसिसिपीतल्या इंडियानोला गावी ‘सिटिझन्स कौन्सिल’ निघाली. तिच्यात बँकवाले, वकील, दुकानदार अशी प्रतिष्ठित मंडळी होती. बुरखे नाहीत, रात्रीच्या स्वाऱ्या नाहीत. १९५५ मध्ये याझू सिटीत ५३ कृष्णवर्णीयांनी शाळा एकत्र करा म्हणून अर्ज केला, तेव्हा कौन्सिलनं त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. कुणाची नोकरी गेली, कुणाला दुकानदार माल देईना. बहुतेकांनी सह्या मागे घेतल्या.

मार्च १९५६ मध्ये काँग्रेसच्या १०१ दक्षिणी सदस्यांनी ‘सदर्न मॅनिफेस्टो’वर सह्या करून सर्व कायदेशीर मार्गांनी विरोध करण्याची प्रतिज्ञा केली. त्याच वर्षी मिसिसिपीच्या विधिमंडळानं सरकारी खर्चानं ‘सॉव्हरेन्टी कमिशन’ नावाचं हेरखातं उभारलं. त्याची दप्तरं १९९८ मध्ये खुली झाली. त्या तिघा मुलांच्या गाडीचा नंबरसुद्धा या खात्याकडे होता आणि तो पोलिसांपर्यंत पोचला होता. म्हणजे बंदूक चालवणाऱ्यामागे टंकलेखन करणारा कारकूनही होता. तो चित्रपटात नाही.

फॅनी लू हेमरही नाही. ही मळ्यावर राबणारी बाई ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मतदार म्हणून नाव नोंदवायला त्याच इंडियानोलाला गेली, आणि मळेवाल्यानं तिला राहत्या जागेतून काढलं. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला बेदम मारलं. तरी १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनात तिनं सारं देशाला ऐकवलं.

आणि शिक्षेचं म्हणाल, तर १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले, तेही कटाबद्दल. मिसिसिपी राज्यानं मनुष्यवधाबद्दल पहिली शिक्षा दिली २००५ मध्ये, एडगर रे किलनला. ४१ वर्षांनी.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत शाळेच्या हद्दी बदलण्याचं निघालं. पलीकडच्या अपार्टमेंटांतली, बहुतांशी कृष्णवर्णीय मुलं आमच्या शाळेत येणार होती. शेजाऱ्यांनी विरोधाचा अर्ज फिरवला. वर्णाचा उल्लेख कुठंच नव्हता. बसच्या वेळा, वर्गातली गर्दी, ‘शाळेचा दर्जा’. अर्ज आणणारे गृहस्थ सज्जन, हिवाळ्यात माझ्या दारातलं बर्फ काढून देणारे. मी त्यांना चहा दिला आणि सही केली. हद्दी बदलल्या नाहीत.

माझी सही आणि याझू सिटीतला छळ एक नव्हे, हे मला कळतं. पण आपल्यापैकी बहुतेकांना या देशाचं दार उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं. तो कायदा या चळवळीनं बदललेल्या हवेतच मंजूर झाला. मी सही केली ती त्या चळवळीतल्या माणसांच्या नातवंडांविरुद्ध, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

हेन्री हॅम्प्टन यांची ‘आइज ऑन द प्राइझ’ ही १९८७ ची माहितीपटमाला मंडळात दाखवावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यात कृष्णवर्णीय माणसं स्वतः बोलतात. मुलांनाही आणा. चहाची व्यवस्था माझ्याकडे. आणि त्या अर्जाची गोष्ट मुलांना मीच सांगेन.