यंत्राचा कान आणि आमची बोली

यंत्राला जात नसते, असे आज मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. शासकीय खात्यांच्या, बँकांच्या आणि महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर आता बोलणारे सहायक बसविले जात आहेत. येणाऱ्याने भाषा निवडावी, माइकच्या चिन्हावर बोट ठेवावे, आपला प्रश्न बोलावा आणि उत्तर ऐकावे, अशी ही सोय आहे. व्हॉइस असिस्टंट या नावाने ती ओळखली जाते. ज्याला वाचता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, त्याच्यासाठी यामुळे शासनाचे दार उघडले, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. हा दावा हसण्यावारी नेऊ नये आणि तसाच गिळूही नये. तो तपासला पाहिजे. कारण भाषेच्या दारावर आजवर सर्वांत जास्त वेळ उभे राहावे लागले आहे ते आपल्या माणसांना.

प्रथम या सोयीचे जे श्रेय आहे ते दिले पाहिजे. कचेरीतल्या टेबलापुढे उभे राहणे म्हणजे काय असते, हे ज्यांच्या बापाने आणि आजाने अनुभवले आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको. आधी नाव, मग आडनाव, मग गाव विचारले जाते आणि तेवढ्यात कारकुनाचा स्वर बदलतो. ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो. यंत्र मात्र सर्वांनाच ‘आपली काय मदत करू?’ असे विचारते. ते जेवायला जात नाही, ‘उद्या या’ म्हणत नाही, चहापाण्याचे सुचवत नाही. केंद्र शासनाने २०२२ साली ‘भाषिणी’ हा भाषांतराचा आणि वाणीचा प्रकल्प सुरू केला. २०२३ साली शेतकरी सन्मान निधीच्या चौकशीसाठी ‘किसान ई-मित्र’ आला. आपला हप्ता कुठे अडला, हे एखादी निरक्षर बाई कोणाच्या पाया न पडता विचारू शकत असेल, तर ती गोष्ट लहान नाही. म्हणूनच तिने विचारलेले यंत्राला कळते का, हा प्रश्न कळीचा ठरतो.

यंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. आधी ते ऐकलेल्या आवाजाचे अक्षरांत रूपांतर करते. मग त्या अक्षरांवरून बोलणाऱ्याला काय हवे आहे ते ठरविते. शेवटी उत्तर तयार करून कृत्रिम आवाजात बोलते. पहिल्या टप्प्यावर शब्द चुकला की पुढचे दोन्ही टप्पे त्या चुकीवरच उभे राहतात. हा पहिला टप्पा म्हणजे यंत्राचा कान. हा कान हजारो तासांचे बोलणे आणि त्याचे लिखित रूप शेजारी ठेवून घडविला जातो. जे बोलणे त्याला ऐकविले तेच त्याला ओळखता येते.

मग त्याला कोणते बोलणे ऐकविले गेले? भारतीय भाषांसाठी २०२२ साली तयार झालेला ‘श्रुतिलिपी’ हा एक मोठा संग्रह आहे. त्यात १२ भाषांतील सुमारे ६,४०० तासांचे बोलणे आहे, आणि ते आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून घेतलेले आहे. बातमीपत्राचा आवाज आणि त्याची संहिता दोन्ही आयती मिळतात, म्हणून तंत्रज्ञांनी ती वापरली. यात कोणाचा कट नाही. पण आकाशवाणीच्या बातम्यांची मराठी ही कोणाच्या घरातली मराठी आहे? ती ‘पाणी’ म्हणते, ‘पानी’ म्हणत नाही. ती ‘विहीर’ आणि ‘विचार’ म्हणते, ‘इहीर’ आणि ‘इचार’ म्हणत नाही. ‘मला’ म्हणते, वऱ्हाडातले ‘मले’ म्हणत नाही. ‘का’ विचारते, ‘काहून’ किंवा ‘कामून’ विचारत नाही. ‘वीस’ म्हणते, आमच्या म्हाताऱ्या बाया अजूनही ‘तीन इसा’ मोजून साठ करतात, हे तिला ठाऊक नाही. कट नसतानाही निवड होते आणि ती निवड नेहमीच्याच बाजूला झुकते. आपल्या समाजव्यवस्थेचे हेच तर वैशिष्ट्य आहे.

‘ण’ आणि ‘न’ यांचा प्रश्न केवळ उच्चाराचा आहे, असे भाषेचे पंडित म्हणतील. त्यांना संस्कृत नाटकांची आठवण करून दिली पाहिजे. त्या नाटकांत राजा आणि मंत्री संस्कृत बोलतात, स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात. त्या प्राकृतांत, विशेषतः महाराष्ट्रीत आणि शौरसेनीत, संस्कृतातल्या ‘न’चा सर्रास ‘ण’ होतो. म्हणजे तेव्हा ‘ण’ म्हणणारा खालचा होता. आज ‘न’ म्हणणारा खालचा आहे. अक्षर उलटले, पण माणसाची जागा उलटली नाही. शुद्धता अक्षरात नसून ते उच्चारणाऱ्याच्या जागेत असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा आधार महाराष्ट्री प्राकृतापर्यंत जातो, म्हणजे एकेकाळी दासींच्या तोंडी घातलेल्या बोलण्यापर्यंत जातो. हा वारसा मिरविणाऱ्यांनी आजच्या बोलींना यंत्राच्या दाराबाहेर उभे करावे, ही विसंगती आहे.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अॅमेझॉन, अॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची आवाज ओळखणारी यंत्रणा त्यात तपासली गेली. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात यंत्राने सरासरी शंभरामागे १९ शब्द चुकविले, काळ्या वक्त्यांच्या बोलण्यात ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती. काळ्यांच्या इंग्रजीची जी स्वतःची घडण आहे, तिचे बोलणे यंत्राला पुरेसे ऐकविलेच गेले नव्हते. १९७२ साली पँथर हे नाव घेणाऱ्या चळवळीच्या वारसांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे की मराठीच्या बाबतीत, जिल्हा आणि जात लक्षात घेऊन, असा हिशेब कोणी मागितला आहे का?

मी शास्त्रीय प्रयोगाचा दावा करीत नाही. पण एका शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावरील सहायकापुढे माझ्या वर्गातील तिघांना मी एकदा बसविले. प्रश्न एकच होता, शिष्यवृत्ती अजून का आली नाही? शहरात वाढलेल्या मुलाने तो पुस्तकी मराठीत विचारला. बँक खाते आधारला जोडले आहे का ते पाहा, असे नीट उत्तर त्याला मिळाले. वऱ्हाडातल्या मुलाने ‘माही स्कालरशिप काहून नाई आली अजून?’ असे विचारले. त्याला शिष्यवृत्तीच्या योजनांची यादी ऐकविण्यात आली. मराठवाड्यातल्या मुलीने ‘खात्यावर पैसे कामून पडंनात?’ असे विचारले. त्यावर यंत्र सरळ हिंदीत शिरले आणि ‘कृपया फिर से बोलिए’ म्हणाले. तिने पुन्हा तेच विचारले, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी तिने वाक्य बदलले, धड्यातल्यासारखे केले, आणि तिला उत्तर मिळाले. यात शिकले कोण? यंत्र शिकले नाही, मुलगी शिकली. तिला वाक्य बदलता आले, कारण ती पदवीच्या वर्गात आहे. गावाकडे खुरपणीला जाणाऱ्या तिच्या आईने काय केले असते? आणि ही सोय आईसाठी आहे, असेच तर सांगितले गेले होते!

दलित साहित्याच्या वाचकाला यातला धोका लगेच ओळखता येईल. अण्णाभाऊ साठे, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार, बेबी कांबळे, लक्ष्मण माने, लक्ष्मण गायकवाड यांनी मराठीला काय दिले? वेदना दिली, नकार दिला, हे तर खरेच. पण त्याबरोबर छापील पानावर कधी न आलेले शब्दही दिले. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातले कितीतरी शब्द कळले नाहीत, आणि ते न कळणे ही त्याची अडचण ठरली. शब्द जागचा हलला नाही, वाचकाला त्याच्याकडे जावे लागले. हा मराठी साहित्यातला मोठा पालट होता. यंत्राच्या बाबतीत नेमके उलटे घडते. न कळलेल्या शब्दापाशी ते थांबत नाही. त्याच्या जागी स्वतःला माहीत असलेला जवळचा प्रमाण शब्द ठेवून पुढे जाते, आणि आपण काही बदलले हे बोलणाऱ्याला सांगतही नाही. जुना संपादक निदान हस्तलिखित परत पाठवीत असे. हा नवा संपादक बोललेले वाक्य तोंडातून निघताक्षणी दुरुस्त करतो आणि दुरुस्त केलेलेच तुमचे म्हणून नोंदवितो.

‘बहुभाषिक’ या शब्दाचीही झडती घेतली पाहिजे. शासकीय प्रकल्पांत त्याचा अर्थ बहुधा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा असा होतो. २०११ च्या जनगणनेत भिली भाषा बोलणारे १ कोटीहून अधिक आणि गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत नाहीत. अहिराणीची गणना खानदेशीखाली होते; तीही नाही. लमाणांची बोली तर जनगणनेत हिंदीखालीच मोजली गेली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा अनुसूचीतील भाषेत मिळण्याची तरतूद केली आहे. म्हणजे आवाज घेताना त्याचे काय केले जाईल, हे गोंडी माणसाला त्याच्या भाषेत सांगण्याचे बंधन कोणावरही नाही.

आता आवाज गोळा करण्याचे काम गावांपर्यंत आले आहे. गरीब वस्त्यांतून मोबदला देऊन मराठी आवाज गोळा केल्याचा एक प्रयत्न २०२० साली प्रसिद्ध झाला. पण तेथे लोकांनी समोर दिलेली वाक्ये वाचायची होती. आवाज आमचा, वाक्य मात्र दुसऱ्याचे! २०२४ साली पुढे आलेला ‘इंडिकव्हॉइसेस’ हा संग्रह याच्या पुढचे पाऊल आहे. १४५ जिल्ह्यांतील १६ हजारांहून अधिक लोकांच्या त्या ७,३४८ तासांच्या संग्रहात वाचून दाखविलेला भाग अवघा ९ टक्के आहे. बाकीचे लोक आपल्या मनाने बोलले आहेत. म्हणजे हे करता येते. तंत्राची असमर्थता ही सबब आता चालणार नाही.

आमच्यातलेच काही शिकलेले लोक म्हणतील की बोलीचा एवढा आग्रह कशाला? बाबासाहेबांनी प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत लिहिले; आपणही तेच शिकावे. प्रमाणभाषा शिकणे हा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. परंतु शिष्यवृत्ती, रेशन किंवा पेन्शन मिळण्यासाठी प्रमाणभाषा ही अट होऊ शकत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना मूक म्हटले गेले त्यांना वाचा नव्हती असे नाही. ते गावच्या पाणवठ्यापासून दूर उभे राहून ओरडत होते, ऐकणारे कान नव्हते. शंभर वर्षांनंतर कान यंत्राचा असला, तरी प्रश्न तोच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक पैशातून संकेतस्थळावर सहायक बसविणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो कोणत्या बोलीत किती चुकतो, याचे आकडे जाहीर करावेत. तो बसविण्यापूर्वी त्या जिल्ह्यातल्या शेतमजूर बायांकडून, सफाई कामगारांकडून, भटक्यांच्या वस्तीतून तपासून घ्यावा आणि त्या कामाचा मोबदला द्यावा. ऐकलेले वाक्य त्याने उत्तराआधी परत बोलून दाखवावे आणि ‘बरोबर का?’ असे विचारावे. न कळल्यास हिंदीत न पळता माणसाला जोडून द्यावे. आणि आमच्या आवाजातून जे घडेल ते सार्वजनिक राहावे. आमच्या लेखकांनी आणि अध्यापकांनी हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. बोलींचे शब्दसंग्रह, आत्मकथनांतील भाषा, गावागावांतील बोलण्याची नोंद हे आमच्या अभ्यासाचे क्षेत्र आहे. विद्यापीठातल्या मराठी विभागांनी ते आज हाती घेतले नाही, तर यंत्राच्या कानाची घडण आमच्यावाचून पुरी होईल, आणि उद्या आमच्या मुलांना त्या कानाला मानवेल असेच बोलावे लागेल.