तीन कादंबऱ्यांतले सूर्य

विज्ञान कादंबरीचे नाव काढले की आपल्याकडचा चोखंदळ वाचक हळूच नाक मुरडतो. त्याच्या मते या कादंबऱ्या म्हणजे नुसता यंत्रांचा खडखडाट. माणूस त्यांत औषधालाही सापडायचा नाही. मला या कादंबऱ्यांचे वेड आहे, आणि वेड्याने आपल्या वेडाची वकिली करू नये हे खरे. पण दिवाळीच्या सुटीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, वाचक ती चालवून घेतील अशी आशा आहे.

माझे म्हणणे एवढेच, की चांगली विज्ञान कादंबरी नव्या यंत्राच्या नवलाईवर जगत नाही. ज्या गोष्टीकडे आपण जन्मभर ढुंकूनही पाहिले नाही, तीच ती जागची थोडी हलवते आणि मग माणसांचे काय होते ते पाहते. सूर्याचेच घ्या ना! तो रोज उगवतो, म्हणून त्याच्याविषयी विचार करायला कोणाला सवड नाही. या शतकातील तीन कादंबऱ्यांनी मला तो विचार करायला लावला.

पहिली, अमेरिकन लेखक अँडी विअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१). सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव फैलावले आहेत आणि सूर्य मंदावत चालला आहे. आसपासचे तारेही तसेच. फक्त टाऊ सेटी नावाचा, सुमारे १२ प्रकाशवर्षे दूर असलेला तारा शाबूत आहे. तो का वाचला, हे शोधायला निघालेल्या यानात रायलँड ग्रेस हा शाळामास्तर जागा होतो, तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मेलेले असतात. तिथे त्याला दुसऱ्या ताऱ्याकडून याच कामासाठी आलेला एक जीव भेटतो. तो दगडासारखा दिसतो, त्याला डोळे नाहीत, आणि बोलतो तो सुरांत. त्याच्या जातीला किरणोत्साराचे ज्ञान नव्हते. त्यामुळे त्याच्या यानातील २३ जणांपैकी २२ जण दगावले. एकाची हवा दुसऱ्याला विष, म्हणून दोघांमध्ये भिंत. तरी त्या भिंतीतून मैत्री होते. या जीवाच्या समाजात एक रीत आहे: कोणी झोपला की दुसऱ्याने जागे राहून त्याच्यावर लक्ष ठेवायचे. ते वाचताना मला आजारी नातवंडाच्या उशाशी बसणारी आजी आठवली. कादंबरीत दोष आहेत. संकटे गणिताच्या पुस्तकातील उदाहरणांसारखी ओळीने येतात आणि ओळीनेच सुटतात. पण ही मैत्री कोणत्याही सूत्राने सुटणारी नाही, आणि पुस्तक मिटल्यावर तीच मनात उरते.

दुसरी कादंबरी चिनी आहे. लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ २००६ साली मासिकातून क्रमशः आली, २०१४ साली केन लिऊ यांनी ती इंग्रजीत नेली आणि २०१५ साली तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. भाषांतरित कादंबरीला तो मान प्रथमच लाभत होता. परस्परांना ओढणाऱ्या दोन गोलांची गती गणिताने मांडता येते. तिसरा गोल आला की सर्वांना लागू पडणारे सोपे सूत्र उरत नाही. लेखकाने या कोड्यातून तीन सूर्यांचे जग उभे केले आहे. तिथे उद्या पहाट होईल की प्रलय, हे कोणी सांगू शकत नाही. ज्या जगात पंचांगच करता येत नाही, त्या जगातील संस्कृतीची कल्पना करा! संकटकाळी तिथले लोक अंगातले पाणी काढून टाकतात आणि वाळवणासारखे गुंडाळून ठेवले जातात. चांगला काळ आला की पुन्हा भिजवायचे. मात्र कादंबरीचा जीव या नवलात नाही. तो ये वेन्च्ये या स्त्रीत आहे. सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ साली, तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांना मारून टाकण्यात आले. माणसावरचा तिचा विश्वास उडाला, आणि पुढे दूरच्या ताऱ्याकडून ‘उत्तर देऊ नका’ असा इशारा आला असता तिने उत्तर दिले. बाकीची पात्रे मला फिकी वाटली. पण हिचा तो एक क्षण एखाद्या शोकांतिकेच्या तोडीचा आहे.

तिसरी, काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ (२०२१). २०१७ साली नोबेल मिळालेल्या या लेखकाच्या कादंबरीत विज्ञान सर्वांत कमी आहे. क्लारा ही मुलांना सोबत म्हणून विकत आणलेली यंत्रसखी. ती उन्हावर चालते, म्हणून सूर्य तिला दयाळू देव वाटतो. घरातील मुलगी जोसी आजारी पडते, तेव्हा क्लारा मावळतीला शेतातल्या कोठारात जाऊन चक्क सूर्याला नवस बोलते, आणि तो फेडण्यासाठी आपल्या यंत्रदेहातील द्रव द्यायलाही तयार होते. सूर्याला अर्घ्य देणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या वाचकाला तिचे हसू येत नाही. उलट प्रश्न पडतो, की यंत्राची श्रद्धा खोटी ठरवायची, तर आपली कोणत्या मापाने मोजायची?

एकीत सूर्य विझतो आहे, दुसरीत तो बेभरवशाचा आहे, तिसरीत तो देव आहे. आणि तिन्ही ठिकाणी कसोटी लागते ती मैत्रीची, विश्वासाची, मायेची. मग माणूस हरवला कुठे?

हा प्रकार मराठीला परका नाही. भा. रा. भागवतांनी आणलेल्या जूल व्हर्नवर आपल्या पिढ्या वाढल्या. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने धाडली आणि पहिले बक्षीस मिळविले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही, आपली कथा नावावर नव्हे तर कथा म्हणून तोलली जावी असे वाटले. २०२५ साली ते गेले. पण त्यांची ती अपेक्षा आजही रास्त आहे. विज्ञान कादंबरीला सवलत नको आणि सवतीची वागणूकही नको. तिला इतर कादंबऱ्यांच्याच काट्यावर तोला. माझी खात्री आहे, की पारडे हलके भरणार नाही.